चार इंची जाळी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
सिंदी (रेल्वे) येथे आज सामान लावले. मन प्रसन्न आहे. जिनिंगच्या वजनकाट्यावर नोकरी, आणि तिथून चालत सात मिनिटांवर स्वतंत्र घर. मालक मधुकरराव पुण्याला मुलाकडे असतात. बाथरूम मी माझ्या खर्चाने नीट करायचे आणि वर्षभर अर्धेच भाडे द्यायचे, असे ठरले. मयुरी आंजीला माहेरी आहे. बाळ आज चोवीस दिवसांचे झाले. सव्वा महिना भरला की १७ तारखेला दोघे येतील.

बाथरूम मात्र किळसवाणे आहे. शहाबादी फरशीवर चिकट थर, भिंतीला साबणाची पिवळी साय, मोरीच्या तोंडात केसांचा गोळा. तो चमच्याने काढला आणि चमचाही फेकला. माझ्या बाळाची अंघोळ इथे होणार आहे. त्याआधी सगळे पांढरे स्वच्छ हवे.

५ नोव्हेंबर, मंगळवार
प्रेमदास मिस्त्री आले. फोडण्याचा खर्च वाचवू, जुन्या फरशीवरच टाइल्स चिकटवू, असे त्यांनी सुचवले. मला पटले. दुकानातल्या उरलेल्या टाइल्स स्वस्तात मिळाल्या, सगळ्या पांढऱ्या. मोरीसाठी मिस्त्री तीन इंची जाळी पुरे म्हणत होते. पुन्हा केस अडकू नयेत म्हणून मी टेप लावून चार इंची घेतली.

एकच अडचण. कोपऱ्यात एक काळा गोटा आहे, फरशीपेक्षा दीड इंच उंच. मिस्त्री म्हणाले, त्याला राहू द्या, टाइल कापून भोवती बसवतो. पूर्वी बाळंतपणे घरीच होत आणि बाळामागून पडणारी वार न्हाणीच्या कोपऱ्यात पुरून वर गोटा ठेवत. पण मला लेव्हल हवी आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार
मिस्त्री गोट्याला हात लावेनात. शेवटी मीच पहारीने उखडला, घणाने फोडला आणि तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात टाकले. खाली मडके होते. इतक्या वर्षांत आत माती झाली असेल असे वाटले होते. आत ओले होते. तांबडे-काळे, कलेजीसारखे, आणि कोमट. सगळे मोरीत ओतले. वरून ॲसिडची बाटली आणि वीस बादल्या पाणी.

९ नोव्हेंबर, शनिवार
टाइल्स बसल्या. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये येतो. शेजारच्या अन्नपूर्णाकाकू पाहायला आल्या. इथे अंघोळ करायची की नवरदेव बसवायचा, असे हसून म्हणाल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यावर गेली. बाळाची वार कुठे पुरली, असे त्यांनी विचारले. दवाखान्यातच राहिली, असे मी सांगितले. चहा न घेताच उठल्या. मधुकररावांच्या आईचे नाव घेऊन उंबऱ्यात म्हणाल्या, “आनंदाबाईच्या सात लेकरायच्या वारा होत्या तिथं. आता त्यायले जागा नाई राह्यली.”

१२ नोव्हेंबर
टाइल्सच्या सांध्यांतले पांढरे सिमेंट लाल झाले आहे. ब्रशने घासले. तासाभरात पुन्हा लाल. घरभर कच्च्या मटणाचा वास. घास तोंडात फिरतो, उतरत नाही.

१४ नोव्हेंबर
पाणी जाईना. जाळी काढून चिमट्याने ओढले. पांढरट, पीळ पडलेली, बुळबुळीत नाळ. टेपवर मोजत गेलो. चार फूट, सहा, अकरा — शेवट येईना. आत काहीतरी ठोके घेत होते. टाइल कापायच्या कटरने कापली. रक्त भिंतीपर्यंत उडाले. उरलेली आत सरकली. घाईने नाही, सावकाश.

१५ नोव्हेंबर
माझी बेंबी ओली आहे. बोटाला मोरीचा वास येतो.

मयुरीला फोन केला, आठ दिवस थांब म्हणालो. ती हसली. तुमच्या टाइल्स होईपर्यंत पोरगं शाळेत जाईल, म्हणाली. खरे कारण सांगता आले नाही. कोणत्या शब्दांत सांगू?

१७ नोव्हेंबर
आले. मयुरीचा भाऊ कैलास सोडून गेला. बाळाला अंगणात अंघोळ घालू म्हणालो, पण थंडी आहे म्हणून तिने ऐकले नाही. पांढरे बाथरूम पाहून फार खूश झाली. बाळ रस्ताभर रडत आले होते. तिने फरशीवर बसून त्याला पायांवर घेतले आणि — एकदम गप्प.

१८ नोव्हेंबर
बाळाची बेंबी केव्हाच सुकली होती. आज ओली. लंगोटाला तोच वास.

१९ नोव्हेंबर, सकाळी नऊ
बाळाला अंघोळ घालताना नाळ जाळीतून वर आली. बाळाच्या बेंबीला — चिकटली. कापायला गेलो, पहिल्याच चिरेला बाळ पांढरे पडले. मयुरीने त्याला छातीशी धरले आहे. आरडाओरडा ऐकून आलेल्या काकू, पुन्हा कोपऱ्यात ठेवायला म्हणून, गोट्याचे तुकडे शोधायला रस्त्यावर धावल्या. मी मोजतो आहे. मोजले नाही तर वेड लागेल —

जाळीपासून बाळापर्यंत तीस इंच.

बावीस.

चौदा. मयुरीचे पाय भिंतीला रोवलेले. टाइल्स कोमट, श्वासासारख्या वरखाली —

नऊ. काकू अजून —

बाळ रडत नाही. झोपले आहे, पोटात झोपायचे तसे. मयुरी आता ओढत नाही. म्हणते, “राहू द्या. त्याले बरं वाटून राह्यलं.”

चार.

जाळीचे स्क्रू फिरत आहेत. भोक चार इंची आहे. मीच मोजून