दोन दातांचा फरक

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं राहून जातं, म्हणून लिहितेय. तुझे बाबा बरे आहेत. जेवतात, झोपतात. फक्त शर्टाची बटणं आता मला लावायला सांगतात. बोटं चालत नाहीत म्हणे. मी बघते ना, चांगली चालतात. पेपराची घडी अजून कोपऱ्याला कोपरा जुळवून घालतात. पण बटणापाशी आले की हात खाली सोडतात आणि हनुवटी वर करून उभे राहतात, तू लहानपणी राहायचास तसे.

त्या दिवशी मी डबा घेऊन वर्कशॉपच्या दारात पोचले, तर तू सगळ्या कामगारांना गोळा केलेलं. मिलिमीटरच्या आट्यांचा एक बोल्ट बाबांनी करून दाखवायचा, ही तुझी अट. जमला तर बाबांचा जुना लेथ राहील, नाहीतर तुझं कॉम्प्युटरचं मशीन येईल. बाबा हसले होते रे. आपला लेथ इंचाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मध्ये एकशेसत्तावीस दातांचा गिअर लागतो, आणि एकदा आटे पाडायला घेतले की हाफनट, म्हणजे हत्यार पुढं सरकवणारी पकड, सोडायचा नाही, मोटर उलटी फिरवून तसंच मागं यायचं. सोडला की आटा चुकला. हे त्यांनीच तुला शिकवलं. मोतीबिंदूमुळे गिअरवरचा आकडा त्यांना दिसत नव्हता, पण तो भिंतीवर कुठल्या खिळ्याला टांगलेला असतो ते ठाऊक होतं. त्या खिळ्यावरचा गिअर काढला, लेथवर चढवला, कामाला लागले.

झालेल्या बोल्टवर नट फिरवून बघितला, तर दोन आटे गेला आणि अडकला. दुसरा बोल्ट घेतला, तसंच. तिसऱ्याला तर हाफनटच्या दांडीवरचा हात त्यांनी हलवलासुद्धा नाही, घाम डोळ्यांत गेला तरी. तोही अडकला. मागून कोणीतरी खुदकन हसलं. तू त्याला गप्प केलं नाहीस. उलट म्हणालास, “राहू द्या बाबा, तुमच्या हातातलं गेलंय आता. घरी बसा.” त्यांनी हात पुसले, किल्ल्या तुझ्यासमोर ठेवल्या. वाटेत मला म्हणाले, “माझ्याकडूनच हाफनट सुटत असणार गं. मला कळलंसुद्धा नाही.”

परवा भंगारवाला लेथ न्यायला आला, तेव्हा तू बाहेरगावी होतास, म्हणून मी गेले. एकेक गिअर पुसून काढत होते. बाबांनी त्या दिवशी चढवलेला लेथवर अजून तसाच होता, त्याचा आकडा वाचला. एकशेपंचवीस. असा गिअर आपल्याकडे कधी नव्हताच. आपला एकशेसत्तावीसचा तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात सापडला, फडक्यात गुंडाळलेला, वर तेलाचा हात फिरवलेला. गंजू नये म्हणून काळजी घेतलीस. वस्तू जपायची सवय मात्र त्यांचीच उचललीस.

बाबांना मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. दोन्ही गिअर माझ्या हाताने भंगाराच्या टेम्पोत टाकले. हात गेले, हे ते सोसतायत. मुलगा असा निघाला, हे सोसायचे नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशनही नको म्हणतात. आता बघून करायचंय काय, असं मलाच विचारतात.

आता लिहायचं कारण. “पोरगंच तेवढं खरं बोललं, बाकीचे तोंडावर गोड बोलत राहिले असते,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तू त्यांच्यावर रागावलायस म्हणून येत नाहीस, असं त्यांना वाटतं. तुला जवळ बसवून आशीर्वाद द्यायचाय त्यांना. तर रविवारी ये. मी गरम गरम वाढीन, एका शब्दाने काही बोलणार नाही. ते तुझ्या डोक्यावर हात ठेवतील तेव्हा मी समोरच उभी असेन. खाली बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं.

तुझीच,
आई