सव्वा तासावरचा मुक्काम

११ मे

केला! एकदाचा फोन केला जेनोवाच्या हॉटेलला — आणि ठेवूनही दिला.

बाई म्हणाली, "आल्बेर्गो कोंकीलिया, बोला." मी म्हटलं, एक खोली हवी, दोन माणसं, जूनमध्ये, दोन रात्री. आवाज अगदी ठणठणीत लावला होता, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांवर ओरडायचे तसा. तर ती विचारते, "पलंग एक मोठा, की दोन सुटे?"

दाणकन फोन खाली. सहासष्ट वर्षांची घोडी मी! चौतीस वर्षं संसार केला, नवऱ्याला पोचवून सात वर्षं झाली, आणि एका पलंगाच्या प्रश्नाला गळपटले. कान अजून तापलेत.

१३ मे

क्लबात पत्त्यांना ओलिंदो भेटला. त्याला सगळं सांगितलं. हसला नाही. हसला असता तर पत्ते तोंडावर फेकले असते.

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? ठेवला."

"बरं केलंस," म्हणाला. चार डाव झाल्यावर हळूच म्हणतो, "पलंगाचं तुझं तू बघ. मला खिडकी असली की झालं. सकाळी उठल्यावर जहाज दिसावं."

चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला हा माणूस. वरून दिसायच्या त्या आमच्याच टेकड्या आणि द्राक्षांचे मळे. बायको गेल्यावर अकरा वर्षं एकटा अंडी उकडून खातोय. आणि मागणं काय, तर जहाज! असल्या माणसावर रागवायचं तरी कसं.

चारचौघांत आम्ही अहो-जाहो करतो. आज चुकून मोठ्यानं "तुझा डाव" म्हणाला, तर टेबलाखालून लाथ घातली मी. पुढचे तीन डाव चुकीचे पत्ते टाकत बसला.

१६ मे

आज इओलेच्या कानावर घातलं. घालायलाच हवं होतं, एका घरात राहतो.

इओले माझी नणंद. चौऱ्याहत्तरची. लग्न केलं नाही. मी नवरी होऊन या घरात आले तेव्हा दार हिनंच उघडलं होतं आणि म्हणाली होती, "बूट बाहेर." एक्केचाळीस वर्षं झाली त्याला. माझ्या नवऱ्याच्या, क्विंतोच्या आजारपणात ती रात्री जागायची, मी दिवसा. सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त आहे ती मला, पण हे तिला सांगायची सोय नाही. म्हणेल, डोकं फिरलं का.

मटार सोलताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "जूनमध्ये जेनोवाला जाऊन यावं म्हणते. दोन दिवस."

"जेनोवा? आपल्या आक्वीहून गाडीनं सव्वा तास. सकाळी जा, संध्याकाळी ये. हॉटेल कशाला?"

"दमायला होतं."

"मला नाही होत," ती म्हणाली.

सगळ्या खटल्याची गोम तीच आहे. जेनोवा जवळ आहे. व्हेनिसला जाते म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण ओलिंदोला गुडघ्यामुळे लांबची गाडी झेपत नाही, आणि व्हेनिस आम्हाला परवडतंय कुठलं! तेव्हा आता सव्वा तासावरच्या गावात मुक्काम कशाला, याला कारण शोधा.

१७ मे

कारणं: बंदरावरचा पहाटेचा मासळीबाजार (मला मासळीचा वास सहन होत नाही, हे इओलेला ठाऊक). दातांचा डॉक्टर (दात माझे चांगले आहेत). जुनी मैत्रीण (कोण? कुठली?).

छे!

२० मे

नगरपालिकेत गेले होते. हॉटेलात ओळखपत्र दाखवावं लागतं आणि माझं जुनं कागदी, घडीवर फाटलेलं. त्यावर माझ्या नावाखाली छापलंय: विधवा. म्हटलं, हे त्या बाईच्या समोर काउंटरवर ठेवू? आणि शेजारी ओलिंदोचं ठेवू?

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "सिन्योरा झाएरा, नव्या कार्डावर ते लिहीतच नाहीत."

"काय लिहीत नाहीत?"

"लग्न झालंय, नाही झालंय, नवरा आहे, नाही. काही नाही. नाव, जन्म, फोटो."

मी दोनदा विचारून घेतलं. बाहेर येऊन चौकातल्या बाकावर बसले. उगाच रडू आलं. क्विंतोचं वाईट वाटलं की माझं बरं वाटलं, कळेना. दोन्ही असेल. मग आइस्क्रीम खाल्लं, पिस्त्याचं.

आडनावांची काळजी तर मी उगाचच करत होते! आमच्याकडे लग्न झालं तरी बाई बापाचंच आडनाव लावते. क्विंतोबरोबर गेले असते तरी कार्डांवर दोन नावं वेगळीच दिसली असती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२४ मे

दुसरा फोन. या वेळी उभं राहून केला.

बाईनं आवाज ओळखला! "मागच्या वेळी लाईन तुटली वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, हो, डोंगराळ भाग. मग भाव. जेनोवाच्या माणसाशी घासाघीस करायची म्हणजे दगडातून तेल काढायचं. ती म्हणे, तिसरा मजला, लिफ्ट मनात येईल तेव्हा चालते, न्हाणीघर पॅसेजमध्ये, नाश्त्याला कॉफी आणि बिस्किटं. मी म्हटलं, मग पैसे कसले घेता? ती म्हणाली, छपराचे. आवडली मला बाई.

खिडकीचं विचारलं. "सात नंबरला समोर भिंत. नऊ नंबरला दोन इमारतींच्या फटीतून बंदर दिसतं. एवढंसं. मान वळवावी लागेल."

"जहाज दिसतं?"

"अर्धं दिसतं."

म्हटलं, नऊ नंबर, तेवीस जूनपासून दोन रात्री. मग पुन्हा तोच प्रश्न — नऊ नंबरला दोन्ही सोयी होतात म्हणे — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन सुटे."

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

२५ मे

दिवसभर स्वतःशी भांडले. बदलायला पुन्हा फोन करायचा म्हणजे ती म्हणणार, आता काय झालं. ओलिंदोला सांगितलं तर म्हणाला, "बरं." नुसतं बरं! माणसानं थोडं तरी हिरमुसावं.

मग सायकलवर टांग टाकताना पाठमोरा म्हणाला, "पलंग ओढता येतात."

३० मे

चेरी उतरवल्या. दोन टोपल्या. काही कारण नसताना दिवसभर हसू येतंय.

१ जून

आज स्वतःच्या हातानं घोळ घातला.

मिसा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो. पाद्री फुलजेन्सियो, इओले, आणखी पाचसहा जणी. इओलेनं सगळ्यांसमोर विषय काढला: "आमच्या झाएराला जेनोवात रात्री राहायचंय. का, ते देव जाणे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तोंडाला येईल ते बोलले. "सेंट जॉनची होळी! तेवीस जूनला रात्री मोठ्या चौकात होळी पेटवतात, ती बघायची. ती संपते तोवर आमच्या दिशेची शेवटची गाडी गेलेली असते."

काय छान कारण! मनात म्हटलं, झाएरा, शाबास.

तर पाद्री फुलजेन्सियोंचे डोळे चकाकले. "अहो, पण हे तर आपण सगळ्यांनीच बघायला हवं! बस करू या! रात्री होळी झाली की बसनं परत. हॉटेलाचा खर्चच नको!"

टाळ्या वाजवल्या हो बायकांनी. इओले म्हणाली, "नावं मी लिहून घेते. पहिलं तुझं."

हात दाखवून अवलक्षण!

३ जून

बावीस नावं झाली. ओलिंदोनंही नाव दिलं. "काय करू? इओले दारात वही घेऊन उभी राहिली. खांबावर चढून बसू?"

हसत सुटलो आम्ही दोघंही. मग हसू थांबलं. तो म्हणाला, "झाएरा, सरळ सांगून टाक तिला."

त्याला काय जातंय सांगायला. इओलेची मावसबहीण पिएरिना — विधवा — एका सुताराच्या घरी राहायला गेली. लग्न केलं नाही, केलं असतं तर नवऱ्याची पेन्शन बंद झाली असती. चार वर्षं इओले तिच्याशी बोललेली नाही. बाजारात समोर आली तर टोमॅटो बघत उभी राहते, पिएरिना जाईपर्यंत. क्विंतोच्या जागी मी दुसऱ्या कुणाला बसवलं असं तिला वाटलं, तर मी कुणाबरोबर मटार सोलू? कुणाशी भांडू? मला गावाची भीती नाही. गाव चार दिवस बोलेल आणि दुसरं काहीतरी सापडेल त्याला. मला इओलेची भीती आहे. ते इथं लिहून ठेवते, कारण मोठ्यानं म्हणवत नाही.

हॉटेल रद्द करायचं. उद्या करते.

५ जून

उद्या करते.

९ जून

संपलं सगळं.

मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. आत घरचा फोन वाजला. हॉटेलच्या बाईला मोबाइलचा नंबर द्यायचा सोडून मी घरचा दिला होता! एवढं वय झालं, तरी नंबर म्हटलं की हाच तोंडात येतो.

आत गेले तर इओले मटारांवरून नजर न काढता म्हणाली, "जेनोवाहून फोन होता. नऊ नंबर पक्का म्हणे. सिन्योरा झाएरा आणि सिन्योर ओलिंदो. ओळखपत्रं विसरू नका म्हणाली."

म्हटलं, "इओले —"

"पाणी उकळलंय," ती म्हणाली.

एवढंच.

१० जून

काही बोलत नाही. म्हणजे बोलते — मीठ दे, दार लाव, पाऊस येईल. तसलं.

११ जून

मी सांगून टाकलं. सकाळी, कॉफी ओतताना. म्हटलं, क्विंतोला मी विसरलेले नाही. रोज आठवतो. पण ओलिंदोबरोबर मला बरं वाटतं, आणि मला एकदा, एकदाच, कुणाच्या शेजारी जागं व्हायचंय, आपल्या गावापासून लांब. हे बोलताना कपाकडे लक्षच नव्हतं, कॉफी बशीत.

इओलेनं बशीतली कॉफी कपात परत ओतली. म्हणाली, "साठी, बुद्धी नाठी." आणि मागच्या दारानं बागेत गेली. तासभर नुसती पाणी घालत होती. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, आणि ही पाणी घालतेय.

१२ जून

ओलिंदोला सांगितलं: होळी बघू, बसनं जाऊ, बसनं येऊ. दोन दिवसांच्या हौसेपायी एक्केचाळीस वर्षांच्या सोबतीचं माणूस नाही गमवायचं मला.

"बरं," म्हणाला. या वेळी हिरमुसला. बघवेना.

हॉटेल अजून रद्द केलेलं नाही. त्या बाईला काय सांगायचं, हेच सुचत नाही.

१७ जून

इओलेनं आज सारण भरलेली रॅव्हिओली केली. माझ्या ताटात चार जास्त वाढली. मी पोटभर जेवले, आणि कितीतरी दिवसांनी रात्री शांत झोप लागेल असं वाटतंय. असंच असू दे. हेही चांगलंच आहे, नाहीतरी.

२२ जून

नवं ओळखपत्र आलं टपालानं. फोटोत चोरासारखी दिसते.

उद्या बस दुपारी तीनला. इओलेनं बसच्या ड्रायव्हरला आत्तापासून तीनदा फोन करून भंडावून सोडलंय.

२४ जून, सकाळ

ओलिंदो खिडकीशी उभा आहे, मान वाकडी करून. आमच्याकडे ना कंगवा, ना दात घासायचा ब्रश, ना रात्रीचे कपडे. माझ्या पर्समध्ये ही डायरी आणि नवं ओळखपत्र तेवढं. खालच्या बाईनं दोन टॉवेल दिले आणि म्हणाली, "सामान?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं आहे, लिफ्ट बंदच आहे."

काल होळी विझल्यावर सगळे बसकडे आलो. इओले दारात, वही हातात, एकेकाला मोजून आत सोडत होती. शेवटी आम्ही दोघं राहिलो. मी पायरीवर पाय ठेवला. ती बाजूला होईना. वहीत माझ्या नावापुढे खूण केली. ओलिंदोच्या नावापुढे केली. मग माझा पाय पायरीवरून हातानं खाली ठेवला, लहान मुलाचा ठेवतात तसा, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

काच उघडी होती. पाद्री फुलजेन्सियो मागून विचारत होते, झाएरा कुठाय, झाएरा राहिली का?

"सगळे आले," इओले ड्रायव्हरला म्हणाली. "चला."