‘क’चं वजन आणि बावीस ग्रॅम दूध

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तो इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून घालते आहे, तेव्हा आठांपैकी दोन-तीन अंगं कमी भरतील; प्रत्यक्ष भेटीत ती भरून देईन. तुझा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात तू नुसतं ‘बरा आहे’ असं लिहिलंस. बरा म्हणजे किती जिने चढतो, आणि उतरताना कठड्याला धरावं लागतं का, हे कळल्याशिवाय मला त्या ‘बरा’चा काही उपयोग नाही. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं आहे. खरी परिस्थिती खाली.)

तुझी तक्रार रास्त आहे. फोनवर भावजी ‘सगळं झकास!’ म्हणून ओरडतात, ताई ‘हं’ म्हणते आणि मी आकडे सांगते, त्यामुळे तिघांशी बोलूनही तुला काही कळत नाही. म्हणून नीट सांगते. ताईची तिन्ही बाळं दहा आठवडे आधी आली, हे तुला माहीत आहेच. आज त्यांचा अडतिसावा दिवस. घरी सोडण्यासाठी डॉक्टरांच्या तीन अटी आहेत: वजन अठराशे ग्रॅमच्या वर, दूध नळीने नव्हे तर तोंडाने, आणि सलग काही दिवस श्वास घ्यायला विसरायचं नाही. (होय, ती विसरतात. झोपेत मध्येच थांबतात, मग यंत्र बोंबलतं, सिस्टर तळपायाला टिचकी मारतात, आणि ती ‘अरेच्चा, हेही करायचं असतं’ अशा चेहऱ्याने पुन्हा सुरू होतात.) दोघं या अटींच्या उंबरठ्यावर आहेत. तिसरी, जन्मतः आठशे नव्वद ग्रॅमची, अजून बरीच लांब आहे. हे पत्र मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

बारसं तिघं घरी आल्यावरच, असं ताईने ठरवलंय. तोवर माझ्या वहीत मी त्यांना अ, ब आणि क म्हणते. ताईने ते वाचलं तेव्हा ती म्हणाली, “माझी लेकरं आहेत ती, त्रिकोणाची टोकं नव्हेत!” मी म्हटलं, तात्पुरतं आहे. आता सगळा विभाग त्यांना अ, ब, क म्हणतो, भावजीसुद्धा, आणि ताई मला दोष देते. अ मुलगी आहे, मोठी आणि शिस्तीची. वेळेवर पिते, वेळेवर झोपते. ब मुलगा आहे. त्याने नाकातली दुधाची नळी एका आठवड्यात पाच वेळा उपटली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की एवढा जोर असेल तर पठ्ठ्याला तोंडानेच पिऊ दे. त्या दिवसापासून तो पितो आणि नळीऐवजी भावजींची मिशी उपटतो. ‘क’ची करंगळी माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे. (नख अकरा मिलिमीटर. अंदाज नाही, मोजलंय.)

ती खोली कशी आहे हे तू विचारलं होतंस. उबदार, दमट, आणि तुला वाटतं त्याहून गोंगाटाची. काचेच्या पेट्यांच्या दोन रांगा, प्रत्येक पेटीवर घडी घातलेली चादर टाकलेली, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. दाराशी बेसिन, वर हात कोपरापर्यंत धुण्याची सूचना, आणि सूचनेशेजारी स्वतः मोठ्या सिस्टर. त्या इथल्या मुख्य परिचारिका. आवाज हळू, नजर नाही. भावजी शाळेत कवायत शिकवतात, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतं. पहिल्याच दिवशी ते पेटीवर वाकून “काय म्हणतोय माझा वाघ!” म्हणाले आणि सहा बाळं एकदम दचकली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “वाघाचे बाबा, इथे सगळे ससे आहेत.” तेव्हापासून ते खुणांनी बोलतात. कवायतीच्या खुणा बाळांना कळत नाहीत, पण निदान कोणी दचकत नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. (इतका वेळ मी तिच्याभोवती फिरत होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.)

तुला माहीत आहे, माझं काम वजनकाटे तपासण्याचं. कारखान्यांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे आमच्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की नाही हे आम्ही सांगतो. तेव्हा घरात तीन बाळं ग्रॅमच्या हिशेबाने वाढत असताना मी आलेख काढणार, हे ओघानेच आलं. तीन रंगांच्या तीन रेषा, फ्रीजच्या दारावर. भावजी रोज आकडे आणायचे, मी बिंदू टाकायचे, आणि ताई दूध काढून बाटल्यांवर नावं चिकटवता चिकटवता त्या रेषांकडे बघायची. सत्ताविसाव्या दिवशी ‘क’चं वजन एकदम एकेचाळीस ग्रॅमनी वाढलं. तोवर ती दिवसाला सोळा-सतरा ग्रॅमनी सरकत होती. एका बिंदूवरून रेषा वळवायची नाही, हे मी आमच्याकडच्या नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. मी रेषा वळवली. पट्टी ठेवून, टोकदार पेन्सिलीने, आणि तिची घरी यायची तारीख तीन आठवडे अलीकडे आली. म्हणजे तिघं जवळजवळ बरोबरच घरी येणार, असं त्या रेषेवरून दिसत होतं. ताईने त्या तारखेवर बोट ठेवलं आणि बाळं झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. भावजींनी शाळेत जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी ‘क’ एकोणीस ग्रॅमनी उतरली.

ताईने आलेख दारावरून काढला, चार घड्या घातल्या आणि ओट्याच्या खणात ठेवला. ती रडली असती तर मला काहीतरी समजावून सांगता आलं असतं. त्या दिवशी बाटल्यांत दूध नेहमीच्या निम्मंच निघालं, आणि संध्याकाळपर्यंत तिला ताप भरला. ताप असलेल्या माणसाला त्या खोलीत प्रवेश नाही, आईलाही नाही. या सगळ्यावर मी काय केलं? मी काट्यावर संशय घेतला. (चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तू म्हणशील. तेव्हा मला तसं वाटत नव्हतं.)

आमच्या प्रयोगशाळेत शिकाऊ लोकांसाठी प्रमाण वजनांचा एक जुना संच आहे, मखमली खाचांच्या लाकडी पेटीत. त्याला कोणी उघड्या हाताने शिवत नाही, कारण बोटाच्या घामाचंही वजन होतं. रीतसर परवानगी घेऊन तो मी उचलला आणि पांढरे हातमोजे घालून विभागाच्या दारात उभी राहिले. मोठ्या सिस्टरनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “जादूचे प्रयोग आहेत का?” मी कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तपासा एकदाचा, तुमचाही ताप उतरेल. पण बाहेरची वस्तू आत धुऊन जाते.” मी ‘नको’ म्हणेपर्यंत त्यांनी पाचशे ग्रॅमचं प्रमाण वजन नळाखाली धरून साबणाने खसाखसा धुतलं होतं. काखा-मानेची घडी स्वच्छ करावी तसं त्याच्या गळ्याभोवतीची खाचसुद्धा बोटाने साफ केली आणि माझ्या मोज्यातल्या हातावर ठेवून म्हणाल्या, “घ्या, गुटगुटीत आहे.” आमच्या साहेबांनी हे पाहिलं असतं तर त्यांनाच एखाद्या पेटीत ठेवावं लागलं असतं.

काटा निर्दोष निघाला. मी पाच वेळा तपासला, रिकामा, अर्धा, पूर्ण, कडेला, मध्यावर. मग मोठ्या सिस्टरनी नोंदवही काढली आणि ‘क’च्या ओळीवरून बोट सरकवत शेवटच्या रकान्यावर आणलं. सत्ताविसाव्या दिवसापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दुधानंतर’. रोज वजन दुधाआधी घेतात. त्या सकाळी एक नवीन बाळ तातडीने दाखल झालं, सगळे तिकडे धावले आणि वजनाला उशीर झाला. म्हणजे माझ्या एकेचाळिसातले बावीस ग्रॅम ‘क’ नव्हतीच. ते तिच्या पोटातलं दूध होतं. बाळ खरं, काटा खरा, नोंद खरी. तो रकाना मी कधी मागितलाच नव्हता. गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारते तो हाच, की वजन कोणत्या परिस्थितीत घेतलं. भावजींना तो विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही असंही नाही, आत्या. तो आकडा मला हवा होता, म्हणून विचारला नाही. (हे कोणाला वाचून दाखवू नकोस.)

मी पेटी बंद केली आणि निघाले, तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “तो काटा खरा झाला, आता तिच्या वजनाचं काय? पेटीत ती ऊब धरण्यातच दमते. छातीवर असली की ती मेहनत वाचते आणि अंगी लागतं. अ आणि ब बाबांकडे आलटूनपालटून असतात. आई तापात. ही कोणाकडे?” मी सांगितलं की मला अनुभव नाही, मी पाळणासुद्धा हलवलेला नाही, माझे हात गार असतात, आणि मी फक्त मावशी आहे. त्या म्हणाल्या, “छाती आहे ना? मग बसा.”

मी बसले.

पुढून उघडणारा झगा घालायचा, खुर्चीत मागे रेलायचं, आणि नुसती टोपी-लंगोट घातलेलं बाळ उभं, बेडकासारखं, कातडीला कातडी लावून ठेवतात; वरून पट्टा आणि चादर. पहिली दहा मिनिटं मी श्वास इतका जपून घेत होते की मोठ्या सिस्टरनी विचारलं, “तिला शिकवताय की तिच्याकडून शिकताय?” मी सगळा वेळ समोरच्या पडद्यावरचे आकडे बघत होते. तेवढ्यात यंत्र बोंबललं. मला वाटलं, संपलं. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी आधी ‘क’चा रंग पाहिला, मग चादरीत हात घातला, आणि मग हसल्या. बाईसाहेबांनी पायाला बांधलेली वायर लाथ मारून काढली होती. दोन तासांत तिने ती तीन वेळा काढली. आदल्या आठवड्यात तिला पाय उचलायचंसुद्धा जमत नव्हतं. त्या दिवशी माझ्या बरगडीवर, डावीकडची वरून चौथी, जे काही बसत होतं त्याला मी तरी लाथच म्हणेन.

त्याला आज नऊ दिवस झाले. ‘क’ आज सकाळी बाराशे नव्वद भरली (दुधाआधी, मी आता विचारते). श्वास विसरणं दिवसातून सहा वेळांवरून एकावर आलंय. काल तिने थेंब थेंब करत तीन चमचे दूध तोंडाने घेतलं आणि एवढ्या कष्टानंतर माणूस झोपतो तशी झोपली. ताईचा ताप पाचव्या दिवशी उतरला. मी तिच्यापुढे बसून बावीस ग्रॅमची सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी ती पोटभर प्यायली होती ना? मग झालं तर.” या तर्कात काय चूक आहे ते मी अजून शोधते आहे. फ्रीजवर आता आलेख नाही. बाटल्या पुन्हा भरतात.

इकडची चिंता करू नकोस. गुडघ्याला शेक देत जा, आणि जिन्यांचा आकडा नक्की कळव.

तुझी आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) भाची

ताजा कलम: टोप्या मिळाल्या. विणकाम उत्तम आहे. मात्र ‘क’च्या डोक्याचा घेर अठ्ठावीस सेंटिमीटर आहे आणि तुझी टोपी तिला खांद्यापर्यंत येते. तूर्त ती भावजींच्या थर्मासला घातली आहे.

आणखी एक: सोमवारी अ आणि ब घरी येताहेत. ‘क’ अजून निदान चार आठवडे इथेच. म्हणजे घरी दोघं, इथे एक, आणि ताई एकच. भावजींची शाळेतली रजा संपली आहे. माझी रजा मी वाढवली, पण मी घरी अ-ब सांभाळत बसले तर इथल्या दोन तासांना कोणी नाही. तेव्हा गुडघा एक जिना चढत असला तरी पुरे, आम्ही पहिल्या मजल्यावरच राहतो. येशील का? ताईला विचारून लिहिलेलं नाही. तिला विचारलं तर ती तुला त्रास नको म्हणेल. तिकीट मी काढते, दिवस तू कळव.

शेवटचं: तू आलीस की मोठ्या सिस्टर तुला बघून नक्की म्हणतील, ‘आजी, बसता का बाळाला घेऊन?’ तू हो म्हणू नकोस. अ घे, ब घे, दोघांना एकदम घे. दुपारच्या दोन ते चारची ती खुर्ची मात्र मला लागेल. ‘क’ला आता माझी सवय झाली आहे. (हे वाक्य उलट्या बाजूने वाचलंस तरी बरोबरच आहे.)