फक्त लाल

१२ मार्च २०१६

राख! लाडकीच्या तोंडावर राख फासलेली!

कालच्या हळदीचे फोटो सकाळी दुकानात कॉम्प्युटरवर घेतले. पहिला उघडला तेव्हा वाटलं, एखादाच असेल. सगळे तसेच. लाडकीच्या आईचं लुगडं लालभडक, बाकी सगळं काळं-पांढरं. मांडव काळा. बांगड्या काळ्या. आणि नवरीच्या गालावरची हळद – राखाडी.

बाबांनी कॅमेऱ्यातला तो इफेक्ट शेवटपर्यंत बंदच केला नाही. लाल रंग निवडून ठेवायचा, लाल तेवढं राहतं, उरलेले रंग कॅमेरा टाकून देतो. टाकून देतो म्हणजे टाकूनच. नंतर कुठे शोधायचे? ते निघताना मी सांगितलं होतं, "बाबा, आधी साधे काढा." मान हलवली होती.

आता नविनला काय दाखवू? लाडकीच्या, म्हणजे बहिणीच्या, हळदीला त्याने गावातून दुसरा कुणी फोटोवाला बोलावला नव्हता. मोबाइलवरही कुणी काढले नाहीत – देवजीभाऊ आहेत ना! देवजीभाऊ म्हणजे माझे बाबा.

१३ मार्च

बाबांशी भांडले. दुकानाचं शटर अर्धं ओढून, बाहेर जीपवाले ऐकतील म्हणून हळू आवाजात. हळू आवाजातलं भांडण जास्त लागतं.

मी म्हटलं, "सगळे रंग घेऊन या. मग हवं तर कॉम्प्युटरवर लाल ठेवते, बाकी काढते. दिसायला हेच दिसेल. पण मूळ फोटो राहील."

"नंतर करून काय उपयोग? मला त्याच वेळी दिसलं पाहिजे."

"तुम्हाला? फोटो लाडकीचा आहे!"

"कॅमेऱ्याने जे दिलं ते मी घेतलं. नंतर थापलेला रंग खोटा."

"कॅमेऱ्याने दिलं नाही. तुम्ही मागितलंत."

मग म्हणाले, "पिवळ्याचं काय एवढं? पिवळं रोजच दिसतं."

रोजच दिसतं! नवरीची हळद!

१४ मार्च

बोललो नाही. डबा वेगवेगळा खाल्ला.

१६ मार्च

आज पुन्हा जुनं आठवत बसले. मी दम्याची, शाळा लांब, म्हणून तिसरीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. बिघडलेल्या फोटोंच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली. पाढे, घड्याळ, किती उजेडाला किती वेळ – सगळं त्यांनी. रंगांचं तेवढं म्हणायचे, "ते आईकडे जाऊन शीक." मला वाटायचं, रंग म्हणजे बायकांचं काम, साड्यांचं, रांगोळीचं.

"फोटोत जे नव्हतं ते घालायचं नाही," हे त्यांनीच शिकवलेलं. जे होतं ते फेकायचंही नाही, हे कुणी शिकवायचं?

वडिलांबद्दल असं लिहावं का? लिहिलं. खोडत नाही.

१९ मार्च

नविन आला. रानशेतहून सायकल मारत, घामाने थबथबलेला. बाबांनी पाठवलेले प्रिंट काउंटरवर आपटले.

"हे काय, देवजीभाऊ? आमची म्हातारी म्हणते, ही हळदीची नाय, मसणातली राख हाय. पोरगी सासरी तलासरीला. तिथं हे दाखवलं तर काय म्हणतील? आल्या आल्या राख घेऊन आली?"

बाबा म्हणाले, "हल्ली शहरात असेच काढतात."

"मग शहरात काढा! आमच्याकडं नवरी पिवळी असते."

मी मध्ये पडले. रंग भरून देते म्हटलं. नविन माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, तू तरी शहाणी हायस का?" आणि बाबांकडे न बघता गेला.

बाबा म्हणाले, "खोटं करून देणार आहेस."

हो. तुमच्यामुळे!

२० मार्च

जमत नाही. पिवळा घेतला, गालावर फिरवला – प्लास्टिकचा आंबा! हळद एका रंगाची नसते. सुकते तिथे फिकट, भुवयांत दाट, कानाजवळ तेलाने जवळजवळ तपकिरी. मला काय माहीत लाडकीच्या कानाजवळ काय होतं? मी तिथे नव्हते. दुकान सांभाळत होते.

तीन वेळा पुसलं. मूळ फाइलची आणखी एक कॉपी केली. मग तिची कॉपी. आई म्हणाली, "जेव आधी." आई सगळ्यांना सांभाळते, बाबांना जास्त. मिरच्या पिकल्या तरी तोडायला त्यांना कधी पाठवत नाही. मीच जाते. लाडावून ठेवलंय!

२२ मार्च

सकाळी हळद वाटली, तेल घातलं, स्वतःच्या तोंडाला लावली. अंगणात आंब्याच्या सावलीत बसले – मांडवातला उजेड साधारण तसाच असणार – आणि आईकडून माझा फोटो काढून घेतला. आई हसता हसता म्हणाली, "बघ बाई, कुणी बघायला आलं तर आजच उरकून टाकू!"

माझ्या गालावरचे पिवळे उचलून लाडकीच्या गालावर ठेवले. बरं दिसतंय. म्हणूनच भीती वाटते. इतकं बरं दिसतंय की कुणाला कळणारच नाही.

प्रिंटच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं – रंग नंतर भरलेला आहे.

२७ मार्च

लाडकी माहेरी आली होती. नविनसोबत दुकानात आली. बाबा तिला बघून चहाच्या निमित्ताने बाहेर. भित्रे!

तिने फोटो हातात धरला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग खुदकन हसली.

"हळद अशी नव्हती गं. मावशीनं नुसती थापली होती, डोळे उघडंनात! ही तर पावडर लावल्यासारखी."

"अजून दाट करू?"

"नको. राहू दे. माणसासारखी दिसते मी."

नविनने प्रिंट उलटा केला. "हे मागं कशाला लिवलं?"

"खरं आहे म्हणून."

"पुसून टाक. सासरी कुणी वाचलं तर?"

पुसलं नाही. तो चिडला. लाडकी म्हणाली, "चिकटव की कागद वरून. सासूला कुठं वाचता येतं?" आणि दोघी हसलो. मला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. ती जाताना म्हणाली, "आईचं लुगडं मात्र तुझ्या बापानं लई झ्याक धरलंय. एवढं लाल होतं, मला ठाऊकच नव्हतं."

हे बाबांना सांगितलं नाही. मुद्दाम.

५ एप्रिल

तलासरीच्या एका स्टुडिओत माणूस हवा आहे. फोटो काढायला नाही, कॉम्प्युटरवर बसायला. फोन केला. मे महिन्यापासून ये म्हणाले. आईला सांगितलं. ती बाबांना सांगेल. मी सांगणार नाही.

६ एप्रिल

आईने सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "तिथं लग्नाला कोण जाईल? कॉम्प्युटरवर बसून हळद दिसते?"

दिसते! मी दाखवली ना!

१७ एप्रिल

परवा कासा गावच्या एका बाईने दुकानात बाळाचा फोटो काढून घेतला. पुन्हा तेच! बाळाचं टोपडं लाल, बाळ राखाडी. आज न्यायला आली, तर घेऊनच जाईना. बाबा तिला समजावत होते, "बघा ना, कसं उठून दिसतं." तिला नव्हतं उठून दिसायला हवं. तिला बाळ हवं होतं.

मी काउंटरच्या आत उभी राहून म्हटलं – सगळ्यांसमोर म्हटलं – "बाबांना आता जमत नाही." 

बाईने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा कॅमेऱ्याची काच पुसायला लागले. स्वच्छ होती.

२१ एप्रिल

महालक्ष्मीची जत्रा उद्यापासून. दरवर्षी आमचा फोटोचा मांडव असतो. या वेळी मी कॅमेऱ्यातला तो इफेक्ट बंद केला आणि बाबांना सांगितलं, बिघडला, आता चालू होत नाही.

खोटं बोलले. मी!

बाबा बटणं दाबत बसले. पुन्हा पुन्हा. डोळ्यांशी धरून. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. "जत्रेचे तूच काढ. मी चिठ्ठ्या फाडतो."

जिंकले म्हणायचं. मग जेवण का गेलं नाही?

२३ एप्रिल

जत्रेला कॅमेऱ्याचं कार्ड कमी पडलं म्हणून बाबांच्या पिशवीतलं एक घेतलं. रिकामं करायच्या आधी बघितलं, कुणा ग्राहकाचं राहायला नको.

ग्राहकाचं काहीच नाही. आपल्या परसातली जास्वंद. सकाळची जास्वंद, दुपारची, लांबून, जवळून. अख्खं झाड राखाडी, फुलं लाल. मग सुपात वाळत घातलेल्या मिरच्या. आईची टिकली. माझी ओढणी, दोरीवर. पुन्हा जास्वंद. कुणी मागितलेले नाहीत, कुणाला दाखवलेले नाहीत. कार्ड भरून!

वेड लागलंय यांना. संध्याकाळी आईला दाखवलं. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्या हातातून कॅमेरा घेऊन पदराखाली धरला, कुणी बघेल असा.

"उद्या सांगते," म्हणाली.

२४ एप्रिल

आई म्हणाली, "त्यांना लाल नि हिरवं सारखंच दिसतं गं. लहानपणापासून. फोटोवाल्याला रंग कळत नाही म्हटल्यावर कोण येईल, म्हणून मला शपथ घातलेली. तो कॅमेरा आला तेव्हा आधी परसात गेले, पानांतलं फूल वेगळं दिसतं का बघायला."

इफेक्ट पुन्हा चालू केला. बाबा जास्वंदीला पाणी घालत होते – मी जन्मल्यापासून घालताहेत. कॅमेरा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, बिघडला नव्हता.

ते झाडाकडे धरून बघत राहिले. मग दबक्या आवाजात, मी पाढे म्हणताना विचारायची तसं विचारलं, "आज पाच आहेत. बरोबर ना?"