भाच्याच्या निबंधावर मामाचा शेरा

कोरीट,
चैत्र वद्य नवमी

तीर्थस्वरूप सौ. वत्सलाताईच्या पायांवर धाकटा भाऊ रतिलाल याचं डोकं. (डोकं ठेवलं म्हणजे चूक कबूल केली असं कुणी समजू नये. तू मोठी, मी धाकटा, म्हणून ठेवलं.) इकडे माय, बाबा आणि दोन्ही बैल खुशाल आहेत. तुझा गुडघा कसा आहे? पितांबरबाबांचा खोकला उतरला का? दाजींच्या केळीला यंदा पाणी पुरतंय का? म्हैस व्यालेली असेल तर पारडू कुणावर गेलं तेही कळवावं. हे पत्र तुझा गिरधरच तुला वाचून दाखवणार आहे, कारण इथल्या शाळेला सुट्टी लागली आणि तो उद्याच्या गाडीनं घरी निघाला आहे. (गिरधर, कंसातलं मनात वाचायचं, बाहेरचं तेवढं मोठ्यानं. घरात ताईचा सासरा बसलेला असतो हे लक्षात ठेव.)

तर ताई, आठवडी बाजारात दगूबाईनं तुझा निरोप आणला. दगूबाईच्या हातून तांदूळ मागवले तर वाटेत पायली सांडते, पण निरोप मात्र ती दाणा न सांडता पोचवते. भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून तिनं मायला सांगितलं, "वत्सला म्हणनी, ज्या घरमा मन्हा पोरना लिखेलवर शेरा पडना, त्या घरमा मी अखाजीले येनार नही." मायच्या हातातली मिरची खाली पडली. अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला, लेक माहेरी नाही म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. त्या दिवसापासून घरात मला भाकरी मिळते ती टोपलीतली सगळ्यांत खालची, आणि वरण मिळतं ते सगळ्यांचं वाढून झाल्यावर. मी खातो. खालची भाकरीही भाकरीच असते.

पण तुला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे, म्हणून मी सगळी सांगतो. आमच्या हायस्कुलात यंदा मराठीला नवे सर आले, देशावरचे. त्यांच्या डोक्यात एक नवंच खूळ. म्हणे निबंध मी एकटा तपासणार नाही, तुम्ही एकमेकांचे तपासायचे. पण नुसतं चूक-बरोबर नाही करायचं. आधी जे खरोखर चांगलं वाटलं ते लिहायचं, मग जे समजलं नाही ते विचारायचं, आणि शेवटी कुठे काय केलं तर निबंध सुधारेल ते त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. ऐकायला किती सोपं! पण सरांना आमचा वर्ग ठाऊक नव्हता. आमच्यात निम्मी पोरं एकमेकांची सोयरी. ज्याच्या बहिणीची सोयरीक समोरच्याच्या घरी चालली आहे त्यानं त्याच्या निबंधावर लिहिलं, 'फारच गोड, आणखी वाढा.' (जेवणाची पंगत होती की निबंध, ते त्यालाच ठाऊक.) चुनीलालचा बाप कापसाचा व्यापारी. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून नाक मुरडायचं आणि भाव पाडायचा, ही त्यांची घरची विद्या. चुनीलालनं नवापूरकडच्या नारसिंगच्या निबंधावर लिहिलं, 'वर पांढरा, आत किडका.' नारसिंग उठून त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, कुठल्या ओळीत किडका ते दाखव. चुनीलालला दाखवता येईना, कारण पहिल्या पानापुढे त्यानं वाचलंच नव्हतं. तेव्हा सर म्हणाले की कापूस हात घालून कळत असेल, निबंध शेवटपर्यंत वाचावा लागतो. हे मला पटलं. माझं सगळं वाटोळं या पटण्यातूनच सुरू झालं.

कारण दुसऱ्या आठवड्यात सरांनी गिरधरचा निबंध माझ्या हातात दिला. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आपल्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, भाच्याला पहिलं ताट, पहिला आंबा, दुधावरची साय, हे सरांना काय माहीत! तो माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठा, त्यामुळे लहानपणी तो मला मारायचा आणि दिवाळीला मी त्याच्या पाया पडायचो. (आशीर्वाद देताना तो मुद्दाम वेळ लावतो. गिरधर, हे तू मनातसुद्धा वाचू नकोस.) मी सरांना सांगितलं की हा माझा भाचा आहे, मला याचा दोष काढता यायचा नाही. सर हसले आणि म्हणाले, वर्गात मामा-भाचा कुणी नाही. त्यांचं काय जातं? त्यांना आपल्या घरात जेवायचं नव्हतं.

निबंधाचा विषय होता 'माझी आई'. ताई, मी तो निबंध शेवटपर्यंत वाचला आणि घाबरलो. त्यातल्या आईचे हात कमळासारखे होते. ती हळू आवाजात बोलायची. तिच्या डोळ्यांत कायम पाणी असायचं आणि ती देवापुढे बसून मुलाच्या वाटेकडे डोळे लावायची. मी मनाशी म्हटलं, वत्सलाताई कुठे गेली? माय आजारी होती तेव्हा एका मांडीवर गिरधरला आणि एका मांडीवर मला घेऊन पाजणारी, बैल नांगराला अडला तर त्याच्या कानात असं काही बोलणारी की बैल चालायला लागतो आणि गडी माना खाली घालतात, ती बाई या निबंधात नव्हतीच. मग मी सरांचा नियम पाळला. चांगलं काय, तर अक्षर सरळ आहे. प्रश्न काय, तर 'ही बाई कोणत्या गावची?' आणि सुधारणा अशी लिहिली, 'आपण दोघं तापानं फणफणलो होतो, तापीला पाणी चढलं होतं आणि नावाडी नाव सोडेना, तेव्हा तुझी आई त्याला काय बोलली आणि मग तिनं नाव हाकायचा बांबू कसा हातात घेतला, ते लिही. शिव्या गाळल्यास तरी चालेल. नावाडी गाळू नकोस.' यातलं एक अक्षर खोटं असेल तर सांग. आजही डोळे मिटले की तू मला दिसतेस. पदर खोचलेला, एका हातात बांबू, आणि काठावर तो नावाडी तोंड उघडं टाकून उभा. तू त्याला म्हणाली होतीस, "नाव सोडस का मी सोडू?" आणि त्यापुढे जे म्हणाली होतीस ते पत्रात लिहिता येत नाही.

आता गिरधरचा शहाणपणा बघ. गप्प तो निबंध दप्तरात ठेवायचा, तर शिमग्याला घरी आला तेव्हा ओट्यावर पितांबरबाबांनी विचारलं काय शिकला, आणि यानं निबंध काढून शेऱ्यासकट मोठ्यानं वाचला. तो नावाडी पितांबरबाबांचा चिलमीचा सोबती आहे आणि त्या क्षणी शेजारीच बसलेला होता, हा माझा दोष नाही. पितांबरबाबा त्याच्या हातात चिलीम देत म्हणाले, "आमनी सून नाव बी हाकस, आमले माहीत नव्हतं." गिरधर म्हणतो ते कौतुकानं म्हणाले. तू म्हणतेस टोमणा होता. तेव्हापासून पाणवठ्यावर बायका तुला 'पलीकडे सोडतेस का' म्हणून विचारतात, हेही दगूबाईनं पोचवलं. आणि इकडे माय म्हणते, "भाचा म्हणजे देव शे. देवना चुका काढतस का?" तिचं म्हणणं, मी शेरा खोडावा, खाली माफी लिहावी आणि गिरधरच्या पाया पडावं. पाया पडायला माझी ना नाही. सवय आहे. पण शेरा मी खोडणार नाही. तू चिडलीस तरी नाही आणि बाबांनी सायकल काढून घेतली तरी नाही. (काढून घेतलीच आहे.)

का नाही, तेही ऐक. गिरधरनं तो निबंध दुसऱ्यांदा लिहिला. त्या रात्रीच्या नावेचा, पाण्याच्या आवाजाचा, आणि तू आम्हा दोघांना एकाच लुगड्यात गुंडाळलंस त्याचा. सरांनी तो वर्गात वाचला. चुनीलालसारखा चुनीलाल, त्यानंही नाक मुरडलं नाही. नारसिंग म्हणाला, माझ्या आईनंही मला असंच खांद्यावर टाकून डोंगर उतरला होता, मला लिहायचंय. ताई, मामानं पहिल्या निबंधावर 'फारच गोड' लिहून भाच्याचा मान राखला असता तर तू कमळाचे हात घेऊन त्या कागदात बसून राहिली असतीस. याला जर कुणी अपमान म्हणत असेल तर असे अपमान मी दर आठवड्याला करीन. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्यालाच 'छान छान' म्हणून वाटेला लावावं. तू ऐकलास तो शेरा. दुसरा निबंध तुझ्यापर्यंत आलेलाच नाही. गिरधर लाजतो. त्याच्या पिशवीत खाली, धोतराच्या घडीत आहे, काढून वाचायला लाव.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या चुका काढणं सोपं, स्वतःच्या ऐकून घे. ऐकल्या. माझा 'आमचे गाव' हा निबंध गिरधरकडेच गेला. त्यानं लिहिलं की मामाची भाषा चांगली आहे, पण मामा सगळ्या गावाला वळसा घालून येतो आणि मनातली गोष्ट सांगायची वेळ आली की तिथेच निबंध संपवतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. (भाच्याशी न बोलणं हे आणखी एक पाप. तेही मायनं मोजलं.) हा शेरा साफ चुकीचा आहे असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

तर ताई, माझं म्हणणं मी मांडलं. तुला राग धरायचा तर धर. झोका निंबाला बांधलाच आहे, कुणी बसलं नाही तर वारा हलवील. सांजोऱ्या उरल्या तर मी खाईन, खालच्या भाकरीनं पोट भरत नाही. आमचं काही अडत नाही. पितांबरबाबांना आणि दाजींना दंडवत. नावाडीकाकांना रामराम सांगावा.

शेरा न खोडलेला तुझा भाऊ,
रतिलाल

ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी गिरधरनं पत्र मागितलं. म्हणाला, मला वाचून दाखवायचंय, आधी नजरेखालून घालतो. मी दिलं. त्यानं वर्गातल्या नियमानं शेरा दिला. चांगलं काय, तर नावाडी उत्तम उतरला आहे. मग ओट्यावर बसून, पेन्सिल कानाला लावून त्यानं विचारलं, "मामा, मन्ही मायनी येवानं का नही येवानं, हाई कोठे लिखेल शे?"

ता. क. दुसरा – मी त्याला म्हटलं, तुला पत्रातलं काय कळतं? सगळं लिहिलेलं आहे, शोधणाऱ्याला सापडेल. तो म्हणाला, कुठल्या ओळीत ते बोट ठेवून दाखव. मी सगळं पत्र पुन्हा वाचलं. वाराबिरा सापडला, सांजोऱ्या सापडल्या.

ता. क. तिसरा – ताई, तू ये. तुझ्याशिवाय मला अखाजी नको. झोक्याची फळी मी रुंद घातली आहे, तुझ्या दोन्ही बाजूंना एकेक जण मावेल एवढी. हे कंसात नाही. गिरधर, हे मोठ्यानं वाच, ओट्यावर ऐकू जाईल असं.