बरणीतल्या दोघी

धर्मशाळा, बाहुबली
६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी

चि. राजनंदिनी,

जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे. ‘चि.’ लिहिलं आणि सवयीनं पुढं ‘सौ.’ लिहायला पेन गेलं, ते थांबवलं. माझा सन्मती जाऊन दोन वर्षं झाली, तरी सुनेला पत्र लिहिताना हाताला अजून ते कळत नाही.

फोन असताना पत्र का, म्हणशील. तुला फोन लावला की शेजारून तुझी आईच जास्त बोलते, आणि माझं सांगायचं राहून जातं. इथे मला कोणी मध्येच तोडत नाही.

आधी तुझ्या खंडोबाच्या किड्यांचं, त्या हात जोडून बसणाऱ्या दोघींचं. हिरवी उत्तम आहे. मातकट रुसली होती, आता बरी आहे. सांगलीत त्यांना ठेवणार कोणाकडे? शेजारच्या अपेक्षानं बरण्या बघूनच दार लावून घेतलं. दशलक्षण पर्वाला बाहुबलीला यायचं मी चुकवत नाही, हे तुला माहीत आहे. मग दोन्ही बरण्या कापडी पिशवीत घातल्या आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, “आवं मावशी, लोणचं हाय व्हय त्यात? सांडंल, खाली ठिवा की.” मी म्हटलं, “लोणचं न्हाई बाबा, किडं हाईत. जित्तं.” त्यानं वाकून पाहिलं तर हिरवीनं हात जोडलेलेच ठेवून मान वळवली आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. “लय आगाऊ हाय की ही!” म्हणाला, आणि मी उतरेपर्यंत तिचीच चौकशी करत होता.

आता खाण्याचं. रोज एकेक जिवंत माशी द्या, पाणी शिंपडा, असं तू सांगून गेलीस. कोणाला सांगतेस, याचा काही विचार? पर्वात मी पालेभाजीसुद्धा खात नाही, आणि मी माशी धरून द्यायची? घरी हे काम आधी सन्मती करायचा, मग तू. मी आपली पाठ फिरवून भाकरी थापायची.

म्हणून मी माझा शहाणपणा चालवला. भिजवलेली मूगडाळ ठेवली. दुधात बुडवलेला कापूस ठेवला. हिरवीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मातकट तर काडीवरून खाली उतरली आणि एका जागी बसून राहिली. मला वाटलं, तीही उपवास करते आहे! धर्मशाळेतल्या बायकांना कौतुकानं दाखवलंसुद्धा, बघा, किड्यालाही पर्व कळतं म्हणून. दोघीतिघींनी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिची मान हलेना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो उपवास नव्हता, मी तिला उपाशी मारत होते. व्हरांड्यात गेले, बरणीत गुळाचा खडा ठेवला, झाकण काढलं आणि बाजूला बसले. माशी आपण होऊन आत गेली, असं मनाला सांगणार होते. पण झाकण लावलं ते मीच. मातकटीनं माशी धरली, आणि या वेळी मी पाठ फिरवली नाही. तेव्हापासून रोज गूळ ठेवते, रोज झाकण लावते. संध्याकाळी दिवसभराचे दोष आठवून प्रतिक्रमणाला बसले की त्या माश्याच समोर येतात. ते पाप माझ्याकडे राहू दे, तू मनाला लावून घेऊ नकोस.

एवढं कशासाठी केलं? सन्मतीनं हळदीच्या पानावरून पहिली आणली होती, तिच्या पिल्लांची ही पिल्लं, म्हणून माया आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. कोरेगावला निघताना तू म्हणालीस, भावाकडे पूजा आहे, चार दिवसांत येते. चार दिवसांच्या पूजेला कोणी थंडीचा स्वेटर नेत नाही, नंदिनी. मागे राहिल्या त्या या बरण्या. मी मनाशी धरून बसले, या दोघी जगल्या तर तुला परत यावंच लागेल.

परवा तुझ्या आईचा फोन आला. अंजनाताईंच्या पोटात काही राहत नाही. फलटणचं स्थळ, जयराज नाव, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. तुझ्याशी बोलून गेला, तुलाही आवडला. “पर ती व्हय म्हणंना वो, विहीणबाई. आईंना एकटं टाकून कशी जाऊ म्हणती,” असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

खोटं कशाला लिहू? फोन ठेवला आणि मला आनंद झाला. तू नाही म्हणालीस याचा आनंद. गाणं गुणगुणत मी बरणी पुसायला घेतली. आतून मातकट काचेला पाय लावून बाहेरच्या झाडाकडे बघत होती. तिथेच मला रडू फुटलं. तुझ्यावर झाकण लावणारी मी कोण?

सन्मती म्हणायचा, “असल्या दोघी एका बरणीत ठेवल्या तर एकमेकींना खातील. तुम्ही दोघी एका घरात कशा राहता, याचंच मला नवल वाटतं.” राहिलो ना आपण? तो गेल्यावरसुद्धा छान राहिलो. मला ते आयुष्यभर पुरेल.

तेव्हा बरण्यांसाठी तू यायचं नाहीस. इथलं आटोपलं की मीच त्या घेऊन कोरेगावला येते. जयराजलाही बोलावून ठेव. मुलगा मी बघणार, तो माझा हक्क आहे. पगार, शेती, घरदार तुझी आई विचारील. मी एवढंच विचारणार, माशी धरता येते का? येत नसेल तर शिकवीन, आता मला येते.

पर्व संपलं की क्षमावाणी. गावभर सगळ्यांची क्षमा मागेन, पण तुझी पहिली मागते, त्या आनंदाबद्दल. आणि एक हट्ट पुरव. तुझ्या नावाआधीची ती जागा मोकळी सोडताना फार जड जातं गं. तिथे मला पुन्हा ‘सौ.’ लिहू दे.

तुझी सांगलीची आई,
गुणमाला