सुटी कुणाला मागायची

ता. ४ सप्टेंबर

ती. आत्यास,
बिट्टीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पायाची चौकशी आधीच करून घेते, कारण पुढे मी भांडणार आहे. काठी धरून अंगणापर्यंत जातेस असं तुझ्या लेकाने कळवलं. छान. पण घाई करू नकोस.

कवळ्यांचं काम ठीक चाललंय. तू पडलीस आणि कारखाना माझ्या गळ्यात आला, तेव्हापासून डॉक्टरांकडून एकही कवळी 'बसत नाही' म्हणून परत आलेली नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मीच सांगते.

आता भांडण. आज सकाळी साचेदादा प्लास्टरचे हात पुसत माझ्यापाशी आले आणि तुझं पत्र टेबलावर ठेवलं. त्यांच्या धर्मातला मोठा दिवस बावीस तारखेला आहे, त्या दिवशी यायचं नाही, असं तू त्यांना लिहिलं आहेस. बाईंनी सुटी दिलीय म्हणून कानावर घालतो, म्हणाले. कानावर घालतो. विचारतो नाही. तुझं अक्षर बघून माझे कान तापले. खुर्चीत मी बसायचं आणि सुट्या तू तिकडून वाटायच्या?

दुपारी मेणताई आली. तिच्या लोकांचाही मोठा दिवस यंदा नेमका त्याच तारखेला आलाय. तिने निदान विचारलं तरी, पण वर जोडलंच, की बाई असत्या तर विचारावं लागलं नसतं, त्या आपणहून आठवण करायच्या. पॉलिशकाकांनी यंत्र बंद करून मान डोलावली.

साचे ओतणारे ते, मेणात दात बसवणारी ती. दोघं गेले तर काका पॉलिश कशाला करणार, स्वतःच्या टकलाला? आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंची वृद्धाश्रमाची ऑर्डर आहे. ती माणसं कधीची पेजेवर आहेत.

यापुढे कारखान्यातल्या कुणालाही पत्र लिहायचं तर हवापाण्याचं लिही. कळावे. सगळ्यांना वाटून लोभ उरला असेल तर थोडा इकडेही पाठव.

तुझी,
बिट्टी


ता. ९ सप्टेंबर

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसत. नाकावरचा राग अगदी तुझ्या बापाचा. साचेदादांचं पायाची चौकशी करणारं पत्र आलं, मी उत्तर लिहिलं, त्यात सुटीचंही लिहिलं. एवढंच. त्याचा एवढा डोंगर करू नये.

सुटीचे नियम मी कधी केले नाहीत. कुणाचा दिवस कधी येतो ते माझ्या डोक्यात असायचं. आधीच म्हणायचे, अहो, तुमचा दिवस जवळ आला, काम उरकून घ्या. माणसाला देवाच्या दिवसासाठी तोंड वेंगाडायला लागू नये. हे एका वर्षात जमत नाही, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. मेणताईचा दिवस त्याच तारखेला आलाय हे मात्र मला ठाऊक नव्हतं. त्याचं काय ते तू बघ.

ऐकते, की तू माझं टेबल खिडकीशी नेलंस. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. चहाच्या वेळी हसण्याचा आवाज पार जिन्यापर्यंत येतो, हेही ऐकलं. माझ्या वेळी चहाला कुणी हसत नसे. मी काही वाघ नव्हते, तरी. खिडकीशी उजेड बरा येतो का?

इकडे सगळं उत्तम. सून भाजीसुद्धा निवडू देत नाही. एकही कवळी परत आली नाही हे वाचून आनंद झाला. व्हायलाच हवा.

कळावे. लोभ होता तिथेच आहे, कुठे जाणार?

तुझी,
आत्या


ता. १५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं 'एका वर्षात जमत नाही' वाचलं आणि त्याच संध्याकाळी भिंतीवर नोटीस लावली. सुटी माझ्याकडेच मागायची. एका दिवशी एकालाच मिळेल. ज्याने आधी मागितली त्याला. साचेदादांनी माझ्याकडे मागितलीच नव्हती, म्हणजे ती मेणताईला गेली. नियम मी मापं घेऊनच शिवला होता, तुझ्यापासून काय लपवायचं.

साचेदादांनी चष्मा पुसून नोटीस वाचली आणि परत जाऊन प्लास्टर कालवायला घेतलं. मला चहापर्यंत फार बरं वाटत होतं. चहाला मेणताई सगळ्यांदेखत म्हणाली, की तिला ती सुटी नको. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्लेलं तिला गोड लागायचं नाही. त्या दिवशी ती कामावर येणार आणि साचेदादाही येणार. कप विसळून ती गेलीसुद्धा. तेव्हापासून कारखान्यात कुणी हसलेलं नाही, तुझ्या कानावर आलंच असेल.

इतकी जळले, आत्या. ती दोघं एकमेकांची, काका त्या दोघांचे, तिघं मिळून तुझे. मग माझं कोण?

काल सगळे गेल्यावर साचेदादांना थांबवलं आणि विचारलं, की सुटी मला सोडून तुला का मागितली. ते म्हणाले, त्यांनी कुणालाच मागितली नव्हती. पत्रात फक्त तुझ्या पायाची चौकशी होती. ते मला सोमवारी विचारणार होते. सुटीआधीच्या रविवारी येऊन सगळे साचे ओतून ठेवायचे, असं ठरवूनसुद्धा टाकलं होतं त्यांनी. तेवढ्यात तुझं पत्र आलं. बाईंचं पत्र दडवावं तर बाईंचा अपमान, दाखवावं तर माझा. शेवटी म्हणाले, तुम्ही दोघी माझ्यावरून भांडता याचं मला बरं वाटायला हवं, पण मला फक्त एक दिवस घरी हवा आहे.

मला वर बघवेना.

तू न मागता सुटी दिलीस, आत्या. ती देणारी तूच राहावीस म्हणून दिलीस. हे मला कळतं, कारण मी नोटीस त्याचसाठी लावली होती. सकाळी ती काढली. दोघांनाही सुटी दिली. मेणताईने चहा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

डॉक्टरीणबाईंना फोन करून पाहिला. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यांना एकदा पुढची तारीख सांगून झालीय, आता परत सांगायला तूच ये. म्हणजे साचे आधी होतील, पण मेण त्या दिवशीच लावावं लागणार. मेणात दात बसवणारं माझ्या ओळखीत दुसरं एकच माणूस आहे, आणि ते भाजी निवडायला मिळत नाही म्हणून रुसून बसलंय.

येशील? टेबल मात्र खिडकीशीच राहील.

कळावे. राग असला तरी येताना लोभही बरोबर आण.

तुझी,
बिट्टी


ता. १८ सप्टेंबर

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

सकाळी लवकर गाडी पाठव. खुर्चीवर उशी ठेव, कडक बसवत नाही. मेणाची सुरी माझी मी आणते, तुमच्याकडच्या बोथट असतील. सून बोलत नाही, लेक डॉक्टरांना विचारतो म्हणतोय. त्याला विचारू दे.

न मागता दिली, हे खरं आहे. त्यावर आणखी काही लिहू नकोस.

बाकी भेटीत.

आत्या


ता. २४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरी नीट पोचलीस का? पाय सुजला का? तू चहा न घेताच गाडीत बसलीस म्हणून काळजी वाटते, आणि आणखी एका कारणानेही.

वृद्धाश्रमाच्या कवळ्या वेळेवर गेल्या. एक आजोबा आरशासमोरून हलायला तयार नव्हते, असं डॉक्टरीणबाईंनी कळवलं. मेणताईने दुसऱ्या दिवशी तुझं काम उजेडात धरून पाहिलं. बाईंच्या हाताला तोड नाही, म्हणाली. मी पुन्हा थोडी जळले. सवय झालीय.

साचेदादा ताजेतवाने होऊन आले. धाकट्या नातवाने दिवसभर मांडीवरून उठू दिलं नाही, हे त्यांनी मला आपणहून सांगितलं.

आता ते दुसरं कारण. बावीसला दुपारी तू मेण लावत होतीस तेव्हा मी पुढच्या वर्षीचे सगळ्यांचे दिवस लिहून ठेवत होते आणि लिहितालिहिता पॉलिशकाकांनाही विचारलं, तुमचा कुठला? काही मनात धरून विचारलं नव्हतं, चहात साखर किती विचारावं तसं विचारलं. त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली. मग म्हणाले, आहे एक, ऐन थंडीत, त्यांच्या आईकडच्या लोकांचा. प्रार्थनेची जागा कारखाना सुटायच्या आधीच बंद होते, म्हणून ते दरवर्षी घरी जाताना तिच्या बंद दाराबाहेर थोडा वेळ उभे राहतात. कधी कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन काय सांगायचं, म्हणाले.

तुझी सुरी थांबलेली मी पाहिली. तू इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम केलंस. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. आत्याला ठाऊक नाही ते मला कळलं, याचा. तो घरी पोचेपर्यंत टिकला. मग तुझा चेहरा आठवला आणि जेवण गेलं नाही.

रागावलीस का? असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
बिट्टी


ता. २९ सप्टेंबर

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पाय सुजला होता, उतरला. सून आता बोलते.

त्या दिवशी कारखान्यात दिवसभर फोन वाजत होता आणि प्रत्येक जण तुलाच विचारत होता. एकाने तर मला विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, मदतीला आलेय. तेव्हा जिथे लागलं तिथेच पुन्हा दुपारी लागलं. तू काही मुद्दाम केलं नाहीस.

मी कारखान्यातल्यांना आता पत्रं लिहिणार नाही. काकांना मात्र लिहावंसं वाटलं, दोनदा सुरुवात केली. काय लिहायचं सुचलं नाही. तू त्यांना सांग, थंडीत त्यांच्या दिवशी मी येते. पॉलिशचं यंत्र मला चालवता येतं. त्यांनी दार उघडं असताना जावं.

त्यांनी तुला सांगितलं हे बरं झालं. मला सांगितलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

तुझ्यावर लोभ आहे, या पत्रात तो दिसत नसला तरी.

तुझी,
आत्या